अर्धी बिडी

दसरा होऊन आठ दिवस झाले.
गढूळपणा आता खाली बसलाय,
वर पाणी, कळकट हिरव्या काचेसारखं.
अर्धं तळं जलपर्णीनं खाल्लंय,
उरलेल्यात शेवाळ, पाणकणीस
आणि बुडालेल्या बाभळींचे शेंडे,
ज्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसतात.

मुंजाजी भोई म्हणतो, बोलू नको, सावली मागं घे.
मी डेपोत इंजिनं उघडणारा माणूस,
बोटांना डिझेलचा वास,
म्हणून आधी त्यानं माझे हात
काठच्या चिखलानं घासून घेतले.
मग बेडूक.
गळ मांडीच्या कातडीतून, हाडाला न लावता.
पोहता आलं पाहिजे त्याला, म्हणाला,
मेलेल्याला ती इचारत नाही.
पहिल्या खेपेला मी दुसरीकडं बघितलं होतं.
आता बघतो.

मरळ भुकेनं घेत नाही, असं त्याचं म्हणणं,
रागानं घेते.
दारात कुणी उड्या मारलेल्या खपत नाहीत तिला.

पानांमधे एक खिडकी आहे, परातीएवढी.
मघा तिथं पाणी आतून उघडलं होतं,
गप्,
कुणी झोपेत तोंड मिटावं तसं.
हवा घ्यायला वर येते ती.
पाण्यात राहून पाण्यावर भागत नाही तिचं.

टप्. बेडूक पानावर. पान थोडं झुकलं.
टप्. खिडकीत.
मानेवर ऊन, पलीकडच्या शिवारात सोयाबीनचं मळणीयंत्र,
भुसा उडून पाण्यावर पिवळी साय
आणि मग ती साय फाटली.

ओढलंस तर गेली, मुंजाजी म्हणाला.
आडवा धरलाय तिनं अजून.
घरात नेईल, फिरवील, डोक्याकडून गिळील.
अर्धी बिडी होऊ दे.
आणि त्यानं खरंच बिडी पेटवली.

दोरी पानांखालून सरकत होती,
हळू,
थांबली.
हात न लावता इतका वेळ
मी कशाजवळच थांबलेलो नाही.
वहिनीचं ऑपरेशन चालू होतं तेव्हासुद्धा
नांदेडच्या दवाखान्यात
व्हरांड्यातला बंद कूलर खोलून बसलो होतो.
तिच्यासाठीच ही.
मरळीच्या रश्शानं टाके लवकर भरतात,
डॉक्टर नाही म्हणत, बाकी सगळे म्हणतात.

आता, म्हणाला.

वर आला तो मासा नव्हता.
घमेलंभर शेवाळ, मुळ्या, शिंपले,
एक गुटख्याची पुडी,
आणि त्या सगळ्याच्या आत काहीतरी
थंडीत स्टार्टर मारल्यासारखं थरथरत होतं.
मुंजाजीनं बोटांनी ते उकललं.
काळीशार पाठ, सापाचं डोकं.
दीड किलो, तो म्हणाला. मी म्हणालो दोन.
तेवढ्यात ती गवतातून तळ्याकडं चालायला लागली.
चालायलाच. दुसरा शब्द नाही.

बोरीच्या फाट्यावर साडेपाचची जिंतूर गाडी,
कंडक्टर ओळखीचा.
सीटखाली ओलं पोतं,
प्रत्येक गतिरोधकानंतर आतून गप्.
शेजारची बाई जिंतूरपर्यंत
पाय वर घेऊन बसली.

घरी बादलीवर परात, परातीवर पाटा.
रात्री दोनदा उठलो.
अंधारात तिचं ते हवा घेणं
आतल्या खोलीतल्या वहिनीच्या श्वासाशी
एकदा जुळलं,
मग सुटलं.

सकाळी कौसल्यानं शेजाऱ्यांच्या बंबातली राख आणली,
राखेशिवाय हातात ठरत नाही.
विळीपुढं बसून म्हणाली, धरा ना नीट.
मरळीनं तोंड उघडलं.
थांब जरा, मी म्हणालो.
कशाला?
सांगता आलं नाही.
मी बिडी ओढत नाही.